सांजवेळची मोजणी आणि आकाशातला अडथळा



ऊसनोंदीची मोजणी आता जीपीएसने होते. "संध्याकाळी क्षेत्र कमी भरलं, सकाळी बरोबर आलं, असं कसं?" असे आम्हांला विचारतात. झाडाचा आडोसा हे एक कारण. दुसरे आकाशात आहे.

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंच. त्यांचा संदेश आयनांबर या विद्युतभारित थरातून येतो. तिथे त्याला उशीर होतो आणि यंत्र अंतर चुकते. दिवसा ही चूक हळूहळू बदलते. प्लॉट सगळाच थोडा सरकतो, क्षेत्र फारसे बदलत नाही. पण आपल्याकडे सूर्य मावळल्यावर थरात विरळ पोकळ्या बुडबुड्यांसारख्या वर चढतात. मग संदेश डळमळतो, कधी तुटतोही. मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरात हे जास्त. मे २०२४ च्या सौरवादळात तर अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवरचे ट्रॅक्टर थांबले.

दहा गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची एक बाजू दोन मीटर सरकली, तर अर्ध्या गुंठ्याहून जास्त फरक पडतो. नोंद चुकली की तोडीचा प्रोग्रॅमही चुकतो. म्हणून मोजणी सकाळी करून घ्या, स्वतः बांधावर हजर राहा. शंका आली तर टेप लावा आणि फेरमोजणी मागा. त्यात संकोच नको.