बारा बंगले आणि बावन्न चाळी

कल्याणहून मुंबईकडे निघालेली लोकलगाडी वेग घेते न घेते तोच ठाकुर्लीचे स्थानक येते. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु एके काळी ठाकुर्लीची खरी ओळख म्हणजे तेथील वीजगृह. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२९ च्या सुमारास ते चोळे गावानजीक उभारले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावी, वाफेच्या जोराने चक्रे फिरवावीत आणि त्यांतून निर्माण होणाऱ्या विजेवर आगगाड्या चालवाव्यात, असे त्याचे कार्य होते. पुढे हे वीजगृह बंद पडले. मात्र रेल्वेच्या वसाहतीतील दोन नावे लोकांच्या तोंडी अद्याप टिकून आहेत. एक ‘बारा बंगला’ आणि दुसरे ‘बावन्न चाळ’.

या दोन नावांतच एक गोष्ट दडलेली आहे. बंगले थोडे, चाळी पुष्कळ. बंगला म्हणजे साहेबांची वस्ती, चाळ म्हणजे कामगारांची. दोन्ही ठिकाणची माणसे एकाच रेल्वेची चाकरी करणारी. परंतु ‘राहता कोठे?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ऐकणारा मनातल्या मनात माणसाची पायरी ठरवून टाकी.

कामात पायऱ्या असणे हे काही वाईट नव्हे. वीजगृहात यंत्रांची योजना करणारा अभियंता हवा, तसा भट्टीत कोळसा घालणाराही हवा. एकाने आज्ञा द्यावी व दुसऱ्याने ती पाळावी, यावाचून मोठे काम चालत नाही. प्रश्न आहे तो पुढचाच. कामाची पायरी काम संपल्यावरही माणसाला चिकटून राहावी काय? आणि ती बापाकडून मुलाकडे वारशाने जावी काय?

याचे उत्तर शोधण्यास आगगाडीचाच दाखला घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. त्या काळापासून डब्यांचे वर्ग पडले. पहिल्या वर्गात मऊ गाद्या. तिसऱ्या वर्गात लाकडी बाके आणि माणसांची रेटारेटी. देशातील बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचेच होते. महात्मा गांधी मुद्दाम त्या वर्गाने प्रवास करीत आणि तेथील हालांविषयी त्यांनी १९१७ मध्ये एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. स्वतंत्र भारतात १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. आजही लोकलगाडीत पहिला व दुसरा वर्ग आहे, वातानुकूलित गाड्याही आहेत. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तिकिटाचा वर्ग फलाटावर उतरताच संपतो. पहिल्या वर्गाचा प्रवासी उतरल्यावर दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने त्याला मुजरा करावा, असे कोणी म्हणत नाही.

परंतु आपल्या समाजात शेकडो वर्षे असेही वर्ग होते, की ते जन्मासोबत लाभत आणि मरणानंतर मुलाला मिळत. पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार ही आज केवळ आडनावे आहेत. पूर्वी ती अधिकारपदे व वतने होती. कोकणात खोतांचा अंमल असे. कूळ रानात राबे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. तिचा शेवट करणारा कायदा १९४९ साली झाला. काही वतने तर मानाची नव्हेच, ओझ्याची होती. महार वतनामुळे गावाची पडेल ती कामे पिढ्यान्‌पिढ्या करावी लागत. तेही वतन १९५८ च्या कायद्याने संपले. वर्गात हजेरी घेताना शिक्षक आज ‘पाटील’, ‘देशमुख’ असे पुकारतात, तेव्हा त्या नावामागे मान वा अधिकार उरलेला नसतो. ‘हजर’ म्हणण्याचा हक्क तेवढा सर्वांना सारखा असतो.

इंग्रजांनी आपल्या राज्यात नव्या पदव्यांची भर घातली. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, सर अशा पदव्या सरकारच्या मर्जीतील व्यक्तींना मिळत. त्यांपैकी काहींनी शाळा काढल्या, विहिरी बांधल्या, विद्येची सेवा केली, हे खरे. पण पदवी देणारा हात परक्या सत्तेचा होता आणि घेणाऱ्याची मान त्या हातापुढे वाकत असे. म्हणूनच नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ‘सर’ ही पदवी नाकारली. रवींद्रनाथ टागोरांनी जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर १९१९ मध्ये आपली ‘सर’ ही पदवी टाकून दिली. १९२० च्या असहकाराच्या चळवळीत सरकारी पदव्यांचा त्याग हा कार्यक्रमाचाच एक भाग होता.

याच काळात लोक स्वतःही पदव्या देत होते. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या सभेत जोतीराव फुले यांना जनतेने ‘महात्मा’ म्हटले. बाळ गंगाधर टिळक ‘लोकमान्य’ झाले, ते कोणत्याही दरबारात नव्हे. कोल्हापूरचे शाहू महाराज गादीवर बसले म्हणून ‘महाराज’ होते. परंतु मागासलेल्या वर्गांसाठी त्यांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, म्हणून लोकांनी त्यांना ‘राजर्षी’ म्हटले. गादी त्यांना वारशाने मिळाली. लोकांचे प्रेम त्यांना कृतीने मिळवावे लागले.

काही राजांनी तर काळाची पावले आधीच ओळखली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपल्या छोट्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेले, जव्हार संस्थान स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. त्याचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे पुढे निवडणूक लढवून लोकसभेत गेले. ज्यांच्यापुढे प्रजा हात जोडून उभी राही, त्या राजाने मतासाठी प्रजेपुढे हात जोडले! यात राजाची मानहानी झाली असे कोण म्हणेल? उलट प्रजेची प्रतिष्ठा वाढली.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारतीय संविधानाने या विचाराला कायद्याचे रूप दिले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १८ ने सांगितले, की सैनिकी वा विद्याविषयक मानचिन्हांखेरीज राज्य कोणालाही पदवी देणार नाही. १९७१ च्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांचे तनखे व त्यांची शासकीय मान्यताही संपुष्टात आली. मग भारतरत्न व पद्मपुरस्कारांचे काय? हे सन्मान १९५४ मध्ये सुरू झाले. त्या पदव्या नव्हेत, म्हणून ते शब्द नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. पण लोक त्यांना ‘अण्णा’ आणि ‘महर्षी’ म्हणूनच ओळखत राहिले.

कायदा झाला म्हणून रोग समूळ गेला, असे मात्र नाही. मोठ्या पदाचे प्रतीक म्हणून मोटारीवर लाल दिवा मिरविण्याची हौस इतकी बळावली, की १ मे २०१७ पासून तो काढून टाकण्याचा नियम करावा लागला. आणि लाल दिवा काही केवळ मोटारीवरच असतो असे नाही. तो मनातही पेटतो. घरी आलेल्या अधिकाऱ्याला ‘या, बसा’ आणि जिना झाडणाऱ्या वृद्धाला ‘अरे, इकडे ये’ असे म्हणणारी जीभ एकच असते. आपल्या वडिलांचा धंदा वर्गात सांगताना एखादा मुलगा खाली पाहत असेल, तर त्यात दोष त्याच्या वडिलांच्या धंद्याचा नाही. त्याला खाली पाहायला लावणाऱ्या नजरांचा आहे.

ठाकुर्लीच्या भट्टीपाशी कोळसा ओढणारा कामगार घामाने व काजळीने माखलेला असे. त्याला कोणी रावबहादूर म्हटले नाही. पण त्याचे हात थांबते, तर वाफ थांबती. वाफ थांबती, तर वीज थांबती. आणि मग पहिल्या वर्गातला व तिसऱ्या वर्गातला असे दोघेही प्रवासी एकाच अंधारात, एकाच रुळावर तिष्ठत राहिले असते.

बंगला असो वा चाळ, घराचा आकार माणसाचे माप सांगत नाही. ते माप त्याच्या वागण्यात असते. आणि दुसऱ्याला लहान न लेखणे ही त्या मापाची पहिली खूण होय.

स्वाध्याय

१. तिकिटाचा वर्ग आणि जन्माचा वर्ग यांत लेखात कोणता फरक दाखविला आहे?
२. सरकारने दिलेली पदवी व लोकांनी दिलेली पदवी यांतील भेद उदाहरणे देऊन सांगा.
३. ‘लाल दिवा मनातही पेटतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील अथवा पेठेतील वस्त्यांच्या नावांवरून पूर्वीच्या समाजस्थितीची काही माहिती मिळते काय? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.