कोटणीस कोणाच्या बाजूने?

प्रश्न : सोलापूरला पाहुण्यांकडे गेलो होतो, तेव्हा डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं स्मारक पाहिलं. ते चीनला गेले तेव्हा तिथे यादवी चालू होती की जपान्यांशी लढाई? आणि डॉक्टर कोणाच्या बाजूने होते?
– एक वाचक, निमगाव केतकी

उत्तर : दोन्ही एकात एक गुंतलेलं होतं, म्हणून घोळ होतो. चँग कै-शेक यांचं सरकार आणि कम्युनिस्ट १९२७ पासून एकमेकांच्या जिवावर उठले होते. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया गिळला, तरी चँग आधी कम्युनिस्टांचाच निकाल लावायला निघालेले. अखेर डिसेंबर १९३६ मध्ये त्यांच्याच एका सेनापतीने त्यांना शीआनला डांबलं, तेव्हा कुठे समेट झाला. बांधावरून डोकी फोडणारे भाऊबंद दारात दरोडेखोर आला की एक होतात, तशातला प्रकार. अढी काही गेली नाही. १९३७ च्या जुलैत जपानशी उघड युद्ध पेटलं आणि कम्युनिस्टांची फौज ‘आठवी रूट आर्मी’ म्हणून सरकारी सैन्यात मोजली जाऊ लागली.

तिचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष; काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठवलं. १ सप्टेंबर १९३८ ला पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. आधी सरकारी मुलखात काम केलं, फेब्रुवारी १९३९ मध्ये कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं येनान गाठलं. वडील वारल्याची बातमी चीनमध्येच कळली, तरी ते परतले नाहीत. पुढे जपानी फौजांच्या पिछाडीच्या डोंगराळ भागात गेले. तिथे लढाई सरकली की दवाखानाही सरकायचा. १९४० च्या एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत उभे होते.

जानेवारी १९४१ मध्ये सरकारी फौजेने कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवरच हल्ला केला. समेट फाटला. कोटणीस त्याच वर्षी कम्युनिस्ट मुलखातल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले.

तेव्हा माझं उत्तर असं : ते गेले परचक्राविरुद्ध, साऱ्या चीनसाठी. जुलै १९४२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, हेही झाकायचं कारण नाही. १९४६ ची मोठी यादवी मात्र त्यांनी पाहिली नाही. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, ते अपस्माराने गेले. पत्नी गुओ छिंगलान तिथल्याच. मुलाचं नाव ठेवलं होतं यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा ते बाळ चार महिन्यांचंही झालं नव्हतं.