‘डोया’ आणि ‘वेस्ट’ : प्रौढांच्या इंग्रजी उच्चारशिक्षणासंबंधी एक विचार

इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढाच्या उच्चारांतील दोष हे जिभेच्या जडपणाचे किंवा बुद्धीच्या उणिवेचे लक्षण मानण्याची प्रवृत्ती आढळते. भाषाविज्ञानाच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही. त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मातृभाषेच्या स्वनिमव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे. परभाषेतील ध्वनी या चाळणीतून गाळूनच कानी पडतात. प्रौढ चुकीचे बोलतो, त्याआधी तो आपल्या भाषेच्या नियमाने ऐकत असतो.

या संदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा परिसराचे उदाहरण उद्बोधक ठरते. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘माळ’ आणि ‘माय’ यांतील भेद पुसला जातो. याच नियमाने ‘मोताळा’चे ‘मोताया’ होऊ शकते. प्रमाण मराठीचा भाषक या उच्चाराला हसतो. परंतु ‘बनियन’ आणि ‘पश्चिम’ या अर्थांचे दोन भिन्न इंग्रजी शब्द तोही बहुधा ‘वेस्ट’ असेच उच्चारतो. कारण इंग्रजीतील दोन स्वनिमांसाठी मराठीत ‘व’ हा एकच स्वनिम आहे. प्रक्रिया दोन्हीकडे एकच. हसू मात्र एकाच्याच वाट्याला येते.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. तत्पूर्वी मराठी माध्यमात ते सामान्यतः पाचवीपासून शिकवले जाई, तेही प्रामुख्याने वाचन-लेखनातून. अशा प्रौढास प्रथम भेद ऐकवणे आवश्यक ठरते. त्यानंतर आरशासमोर उच्चारस्थान दाखवावे : ‘बनियन’वाचक शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘पश्चिम’वाचक शब्दात दात दूर राहून ओठ गोल होतात. ‘जहाज’ व ‘मेंढी’ या अर्थांच्या शब्दांतील इकारभेदही असाच शिकवावा, कारण मराठी उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ इकाराने सहसा अर्थभेद होत नाही.

अर्थ बदलणारे भेद आधी शिकवावेत. केवळ मराठी वळण दर्शवणाऱ्या छटा तशाच राहिल्या तरी संवाद अडत नाही. घरी ‘डोया’ आणि शाळेत ‘डोळा’ म्हणणाऱ्या प्रौढाने एक ध्वनिभेद यापूर्वीच आत्मसात केलेला असतो. त्याची बोली हा अडथळा न मानता पूर्वानुभव मानणे, हाच या अध्यापनाचा योग्य आरंभ होय.