आजचं चिंतन : घराचा व्यवहार आणि पाच कारणं (गीता १८.१४)



मागच्या काही महिन्यांत इथे रोजचं चिंतन नियमित झालं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कारण अगदी संसारी होतं. आम्ही जुना फ्लॅट विकत होतो आणि त्याच पैशातून दुसरा घेत होतो. तुमच्यातले बरेच जण याच वयाचे, याच वाटेवरचे. म्हणून आज तोच विषय घेतो, आणि सोबत अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक.

श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान म्हणजे आधार किंवा जागा, कर्ता म्हणजे करणारा, करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. पुढच्या दोन श्लोकांत ते म्हणतात की शरीराने, वाणीने, मनाने माणूस जे काही करतो, बरं किंवा वाईट, त्यामागे हीच पाच असतात. असं असताना जो फक्त एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

हा श्लोक मी कॉलेजात पाठ केला होता. पण तो कळायला एक घर विकावं लागलं.

झालं असं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमचा सिंहगड रोडचा वन बीएचके दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोथरूडला लिफ्ट असलेला एक जुना टू बीएचके मिळाला. विकणाऱ्या काकू सत्तरीच्या, एकट्या. त्या नाशिकला मुलीकडे कायमच्या जाणार होत्या. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना दोन लाख विसार दिला आणि ९० दिवसांत व्यवहार पूर्ण करायचं लिहून दिलं. आमच्या फ्लॅटलाही गिऱ्हाईक तयार होतं. त्यांचं लोन होणार, त्यातून माझं जुनं लोन फिटणार, उरलेले पैसे आणि माझं नवं लोन मिळून काकूंना जाणार. कागदावर सगळं एका सरळ रेषेत होतं.

मग एकेक सुरू झालं. आमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलांनी विचारलं की सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव कुठे आहे? मागे नोंद फक्त आधीच्या मालकांपर्यंतच होती. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा आणि सेक्रेटरी गावाला. ते निस्तरेपर्यंत भाद्रपद अर्धा संपला. लोन मंजूर झालं, तर गिऱ्हाइकाच्या वडिलांनी सांगितलं, पितृपक्षात सही करणार नाही. नंतर एकदाची तारीख ठरली. मी आणि बायको सुट्टी काढून, दोन साक्षीदार घेऊन नोंदणीला गेलो, सह्याही केल्या, आणि दुपारी समजलं की सर्व्हर बंद आहे, उद्या या. उद्याचाही भरवसा नव्हता.

या काळात मी कसा होतो ते खरं सांगतो. रात्री दोनला उठून व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका बघायचो. एजंटवर फोनवर ओरडलो, बाबांसमोर. सकाळी हरिपाठ म्हणताना ओठ हलत होते आणि डोक्यात व्याजाचा हिशोब चालू होता. एक दिवस सगळी चूक एजंटची वाटायची, दुसऱ्या दिवशी सगळी माझीच. बाबा मात्र काही न बोलता कठड्याला धरून जिने चढत होते.

आणि काकूंना मी काय सांगत होतो? "पुढच्या आठवड्यात नक्की." हे वाक्य मी त्यांना तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा मला ठाऊक नव्हतं की पुढच्या आठवड्यात काय होणार आहे. त्यांना बरं वाटावं म्हणून सांगतोय असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे तो फोन मला लवकर संपवायचा होता.

सर्व्हर बंद पडला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. घरात खोकी भरून ठेवलेली. बाहेर दोन पातेली, एक तवा, एक ताट. म्हणाल्या, "तुम्ही नक्की म्हणालात म्हणून कामवाल्या बाईंना या महिन्यापासून नको सांगितलं. त्यांनी दुसरं काम धरलं. असू दे, दोन भांड्यांचं काय, मीच घासते." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आलो, झोप येईना. गीता उघडली ती अठराव्या अध्यायात, कारण खूण तिथे होती. पाच कारणं वाचली आणि ऑफिसची आठवण झाली. आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की नंतर एक मीटिंग होते. त्यात नियम असा की कुणी केलं हे विचारायचं नाही, काय काय एकत्र आलं म्हणून हे झालं ते लिहायचं. एकच कारण सांगून मोकळं होणाऱ्याला परत बसवतात. इतकी वर्षं हे करतोय, पण घरच्या बाबतीत मी रोज एकच गुन्हेगार शोधत होतो. कधी एजंट, कधी मी. सोळाव्या श्लोकातला न दिसणारा माणूस तो हाच.

मी वहीत पाच रकाने आखले. आधी एक सांगतो. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर आणि करणाचा अर्थ इंद्रियं असा करतात. म्हणजे श्लोक घराच्या व्यवहाराबद्दल नाही, कर्म मुळात कसं घडतं याबद्दल आहे. मी तो माझ्या व्यवहाराला लावून पाहिला, इतकंच.

पहिल्या खेपेला सगळंच पाचव्या रकान्यात गेलं. शेअर सर्टिफिकेट – दैव. पितृपक्ष – दैव. सर्व्हर – दैव. मग माझं मलाच हसू आलं. भगवंतांनी दैव पाचव्या जागी ठेवलंय, पहिल्या नाही. म्हणून स्वतःला एक नियम घातला: आधीचे चार रकाने प्रामाणिकपणे भरल्याशिवाय पाचव्यात काही लिहायचं नाही.

तसं केल्यावर यादी बदलली. आठ वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीत अर्ज दिला होता. नोंद झाली का, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. सर्टिफिकेट माझ्याच कपाटात होतं. ते खोडून 'कर्ता' खाली लिहिलं. पितृपक्ष कधी येतो हे भिंतीवरच्या कालनिर्णयात जानेवारीपासून छापलेलं होतं. ९० दिवसांचा शब्द देताना मी ते पान उलटून पाहिलं नाही. शिवाय त्याच पंधरवड्यात आमच्याकडे आजोबांचं श्राद्ध होतं आणि मी दुसऱ्यांच्या श्रद्धेवर चिडत होतो! तेही 'कर्ता' खाली. लोन, वकील, कागदपत्रं ही 'करण'. ती आपापल्या गतीने चालतात. पाठपुरावा माझा, गती त्यांची. पाचव्या रकान्यात शेवटी फक्त सर्व्हर उरला.

आणि दैव म्हणजे तरी काय? आचार्यांच्या भाष्यात ते नुसतं नशीब नाही. इंद्रियांना आधार देणाऱ्या आदित्यादी देवता, असा अर्थ तिथे आहे. डोळा माझा, पण दिसतं सूर्यामुळे. म्हणजे माझं काम पूर्ण व्हायला माझ्या हाताबाहेरचं कुणीतरी लागतंच, आणि एरवी ते गुपचूप काम करत असतं. ज्या दिवशी सर्व्हर चालू असतो, त्या दिवशी आपण कुठे हात जोडतो?

इथपर्यंत येऊन मला जरा हलकं वाटलं होतं. झोपायला जाणार, तेवढ्यात मनात आलं, काकूंनी अशी वही केली तर? त्यांचे चार रकाने पूर्ण होते. कागद तयार, सामान बांधलेलं, मुलीकडे खोली आवरलेली. त्यांच्या पाचव्या रकान्यात एकच नाव आलं असतं. माझं. मी ज्याच्या नावाने तीन महिने कुरकुरत होतो, ती उशीर करणारी, काही न कळवणारी अदृश्य शक्ती काकूंच्या आयुष्यात मीच होतो.

सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं समोरच्याला अस्वस्थ न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं. मी फक्त 'प्रिय' तेवढं उचललं होतं. काकूंच्या हिताचं होतं ते खरं सांगणं, म्हणजे त्यांनी कामवाल्या बाईंना तरी सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी गेलो. म्हटलं, "काकू, तारीख मला माहीत नाही. नक्की म्हणालो ते चुकलं. आता दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करीन, बातमी असो वा नसो. मुदत संपलीये, तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक बघायचं असेल तर मी अडवणार नाही, तसं लिहून देतो." हे बोलताना घसा कोरडा पडला होता. त्या भागात आमच्या बजेटमध्ये लिफ्टवालं दुसरं घर मिळणार नाही, हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "दोन दिवस विचार करते."

ते दोन दिवस सगळ्यात अवघड गेले. पण एक फरक होता. माझ्या चार रकान्यांत करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे रात्री दोनला उठून बघण्यासारखंही काही नव्हतं. तरी दुसऱ्या रात्री उठलोच. निळी टिक पाहिली आणि परत झोपलो. वृत्ती एका श्लोकाने बदलत नाही, मंडळी.

काकूंनी मुदत वाढवून दिली. अट घातली की या महिन्यापासूनचा मेंटेनन्स मी भरायचा. रास्त होतं. कार्तिकात आमचे दोन्ही दस्त नोंदले गेले. आता बाबा लिफ्टने खाली जाऊन रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतात.

तुमच्यापैकी कुणी याच रांगेत असेल, तर उपयोगी पडतील अशा चार गोष्टी. यातल्या निम्म्या आधी माहीत असत्या तर माझी चिडचिड निम्मी झाली असती.

१. शेअर सर्टिफिकेट आजच काढून मागची बाजू बघा. शेवटचं नाव तुमचं आहे ना?

२. सह्या झालेला दस्त नोंदणीसाठी सादर करायला कायदा चार महिने देतो. सर्व्हर एक दिवस बंद पडला म्हणून आभाळ कोसळत नाही.

३. जुनं लोन पूर्ण फेडल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. म्हणून लोन फिटल्याचं पत्र आणि तारीख जपून ठेवा. पण पुढच्या माणसाला शब्द देताना हे ३० दिवस धरूनच द्या.

४. जुनं घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा नवं तयार घर घेण्यात गुंतवून करसवलत घ्यायची असेल, तर विक्रीनंतर दोन वर्षं मिळतात. करासाठी घाईत चुकीचं घर घेऊ नका. सीएंना विचारा.

आजची साधना. ज्या उशिराने तुम्ही आत्ता वैतागला आहात, तो एका कागदावर लिहा. घर, व्हिसा, प्रमोशन, काहीही. पाच रकाने करा. आधीचे चार भरल्याशिवाय पाचव्याला हात लावू नका. ते झालं की कागद उलटा करा आणि मागे अशा एका माणसाचं नाव लिहा जो सध्या तुमच्यामुळे थांबला आहे. आज झोपायच्या आधी त्याला फोन करून जे खरं आहे ते सांगा. "अजून माहीत नाही" हेही खरंच असतं.

काकूंना मी अजून शुक्रवारी फोन करतो. व्यवहार संपला, सवय राहिली. परवा म्हणाल्या, "आता सगळं झालं, तरी कसला फोन?" म्हटलं, "बातमी काही नाही काकू, तेच सांगायला केला."

उद्या भेटू, पुढच्या श्लोकासह.

राम कृष्ण हरी.