बंद वाट बंद राहावी म्हणून

भाचीबाई, मोहावी वाळवंटातल्या वाटांवर देखरेख करायला तू स्वयंसेवक म्हणून नाव दिलंस, ते बरं केलंस. फॉर्म कसा भरायचा, जीपीएस कसं वापरायचं, हे बीएलएमची, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, माणसं माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मी सांगतोय ते फॉर्मच्या रकान्यात न बसणारं आहे. त्यातही एक गोष्ट आधी मनात पक्की कर. बंद केलेली वाट भांडून बंद राहत नाही. ती दिसेनाशी करावी लागते, आणि ती खरंच बंद राहिली का, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी लागते. पुढचं सगळं या दोन गोष्टींच्या पोटातलं.

१. कायदा थोडक्यात तोंडपाठ ठेव

१९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला. सरकारी जमिनीवर रस्ता सोडून धावणाऱ्या गाड्यांना कुठे मुभा आणि कुठे मनाई ते ठरवा, आणि ठरवताना माती, झाडोरा, वन्यजीव आणि इतर माणसं यांना होणारा उपद्रव कमीत कमी राहील असं बघा, असा त्याचा आशय. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्याला धार दिली: मोठं नुकसान होताना दिसलं तर ती वाट किंवा तो भाग त्या गाड्यांना ताबडतोब बंद करा. मधे १९७६ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातलं अडीच कोटी एकरांचं वाळवंट संवर्धन क्षेत्र म्हणून आखलं गेलं. त्याचा मोठा हिस्सा बीएलएमकडे आहे.

त्या जमिनीचे तीन प्रकार. मोकळी, म्हणजे हवी तिकडे गाडी फिरवा. मर्यादित, म्हणजे ठरवून दिलेल्या वाटांवरूनच जा. आणि बंद. तुझं बहुतेक काम मधल्या प्रकारात पडेल. तिथे नियम असा की नकाशावर जी मोकळी म्हणून नोंदलेली नाही ती वाट बंदच, मग तिच्या तोंडाशी पाटी असो वा नसो. गाडी उभी करायला वाटेपासून किती अंतर सोडून जाता येतं हे भागाभागाप्रमाणे बदलतं. ते त्या भागाच्या आराखड्यात बघून घे, आठवणीवर विसंबू नकोस.

२. पाय कुणाच्या जमिनीवर आहे ते बघ

एकोणिसाव्या शतकात सरकारने रेल्वे कंपन्यांना जमिनी दिल्या त्या एकाआड एक चौरस मैलाच्या. त्यामुळे पश्चिम मोहावीचा मालकी नकाशा अजून कित्येक ठिकाणी बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. एकच वाट मैलभर सरकारी जमिनीतून जाते, पुढचा मैल खासगी, मग पुन्हा सरकारी. खासगी तुकड्यावर तू पाटी ठोकलीस तर मालकाची तक्रार येईल आणि तुझ्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडेल. मालकीचा थर नकाशावर चालू ठेवल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

जुने कागदी नकाशे वापरताना आणखी एक मेख आहे. १९२७ च्या मोजणीपायावरचे, म्हणजे डेटमवरचे, नकाशे आणि आजचं जीपीएस यांच्यात कॅलिफोर्नियात शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. तेवढ्यात शेजारची वाट तुझ्या नोंदीत शिरते. स्थान लिहिताना आकड्यांसोबत मोजणीपायाही लिहायचा.

३. बंद वाट बघायला चालत जा

गाडी मोकळ्या वाटेवर ठेव आणि आत पायी जा. तपासायला म्हणून जीप आत घातलीस की त्या दिवसाची सगळ्यात ताजी चाकोरी तुझीच असते, आणि मागून येणारा ती बघूनच आत वळतो. कुंपणाच्या फटीतून एक गाय शिरली की मागोमाग सगळा कळप शिरतो, तसंच चाकांचं आहे. सरकारी गाडीची असली तरी चाकोरी ती चाकोरीच.

हे वाळवंट खुणा पुसायला फार वेळ घेतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, जनरल पॅटन यांनी सुरू केलेल्या सराव केंद्राचे रणगाडे इथे फिरले. त्यांचे माग अजून जागोजागी दिसतात. मातीच्या वर शेवाळं, दगडफूल आणि सूक्ष्मजीव यांची जी पातळ काळपट खपली असते, तीच वाऱ्याला माती उचलू देत नाही. एकदा चाकाखाली फुटली की ती पुन्हा धरायला कित्येक वर्षं जातात. जॉन्सन व्हॅलीजवळचं 'किंग क्लोन' नावाचं क्रिओसोटचं झुडूप सुमारे ११,७०० वर्षांचं मानतात. अशा ठिकाणी आपल्या सोयीसाठी पाऊल कुठे टाकायचं याचाही विचार करावा.

४. माग वाचायला सकाळी जा

ऊन तिरपं असताना चाकोरीच्या कडा सावली टाकतात आणि दुपारी सपाट दिसणारी जमीन सगळं सांगून टाकते. सूर्य आणि माग यांच्या मधे तू येऊ नकोस, माग तुझ्या आणि सूर्याच्या मधे असू दे. कडा धारदार असतील तर माग ताजा. त्यात वाळू भरली असेल, वरून किड्यांची किंवा सरड्याची रांग गेली असेल, तर जुना. शेवटचा पाऊस आणि शेवटचा मोठा वारा कधी झाला हे वहीत असलं की माग त्याच्या आधीचा की नंतरचा एवढं खात्रीने म्हणता येतं. खात्री असेल तेवढंच लिही.

एकच पट्टा असेल तर मोटारसायकल, दोन पट्टे असतील तर मधलं अंतर फूटपट्टीने मोज. चारचाकी बाइक, शेजारी-शेजारी बसायची साइड-बाय-साइड आणि जीप यांची रुंदी वेगळी असते. वाटेच्या तोंडाशी मातीचा हातभर पट्टा दाताळ्याने सारखा करून ठेव. पुढच्या खेपेला तो पट्टाच साक्ष देतो. वाटेत पुरलेली मोजयंत्रंही असतात, पण यंत्र आकडा देतं. गाडी कुठून आली, कुठे वळली, कुठून परतली हे मातीच सांगते.

५. पाट्या मोकळ्या वाटेवर जास्त लाव

नवख्याला वाटतं, बंद वाटेवर 'बंद' लिहिलं की काम झालं. तपकिरी फायबरग्लासच्या त्या उभ्या पट्ट्या एका धडकेत आडव्या होतात, कधी कुणी उपटूनही नेतात. शिवाय 'बंद'ची पाटी, इथे वाट आहे, हेच आधी सांगते. त्यापेक्षा मोकळ्या वाटेवर क्रमांकाची पाटी ठळक ठेव: फाट्यावर, फाट्याच्या थोडं पुढे, आणि जिथे माणूस गोंधळेल तिथे. योग्य वाट सरळ समोर दिसली की बहुतेक लोक तीच धरतात. उपटलेली मोकळ्या वाटेची पाटी आधी उभी कर, कारण तिच्या गैरहजेरीतच शेजारच्या बंद वाटेवर चाकं चढतात.

६. नजर जाते तिथवर वाट मिटव

या कामातली खरी करामत ही. आख्खी वाट मिटवायला कुणाकडे माणसं आहेत? पण फाट्यावर उभं राहून जेवढी दिसते, म्हणजे पहिल्या वळणापर्यंत किंवा पहिल्या चढाच्या माथ्यापर्यंत, तेवढी मिटवता येते. आधी चाकोरीच्या कडेचे उंचवटे मोडून सपाट कर. चाकांनी दाबलेली माती टिकावाने मोकळी कर आणि छोटे खड्डे ठेव, म्हणजे पाणी आणि बी अडकेल. मग सुकलेल्या फांद्या खड्ड्यात उभ्या रोव, जणू तिथेच वाढलेलं झुडूप वाळून गेलंय. जिवंत झाड तोडायचं नाही. दगड अर्धे पुर, आणि त्यांची काळवंडलेली, उन्हाने चकाकलेली बाजू वर ठेव. पोटाची फिकट बाजू वर आली की शंभर फुटांवरून ओळखू येतं.

रांग लावू नकोस. आजूबाजूला झुडपं जशी विरळ-दाट आहेत तशीच इथे. मग फाट्यावर परत जा, मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघ, आणि वाट दिसते का ते सोबत्याला विचार. त्याला शोधावी लागली तर जमलं. नीट मिटवलेल्या तोंडाशी मी 'बंद'ची पाटी लावत नाही.

७. फोटो त्याच जागेवरून, त्याच दिशेने

प्रत्येक वाटेला एक ठरलेली फोटोची जागा हवी. तीच उंची, तीच दिशा, शक्यतो तोच महिना. चौकटीत क्षितिजावरचा एखादा डोंगर येऊ दे, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या माणसालाही जागा सापडते. सुंदर फोटोचा मोह टाळ. तिसऱ्या वर्षी तुलना करता आली तरच त्या फोटोला किंमत.

८. 'काही आढळलं नाही' हेही लिही

गेलो, बघितलं, माग नव्हता, ही पूर्ण नोंद आहे. ती नसेल तर पुढच्या वर्षी दिसलेला माग नवा होता की जुना, याला उत्तर नाही. आणि उत्तर मागणारे आहेत. पश्चिम मोहावीत २००६ च्या आराखड्याने पाच हजार मैलांहून जास्त वाटा मोकळ्या ठेवल्या. पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या. वाटा ठरवताना नुकसान कमीत कमी ठेवण्याचे निकष नीट लावलेले नाहीत, असं २००९ मध्ये न्यायाधीश सुसान इलस्टन यांनी ठरवलं. २०११ च्या आदेशात पाट्या आणि देखरेख यांचीही जबाबदारी बीएलएमवर टाकली. नवा आराखडा २०१९ मध्ये आला. एवढ्या वर्षांच्या भांडणात तुझी वही कधी कुठल्या बाजूला लागेल सांगता येत नाही, म्हणून ती कुठल्याही बाजूची नसावी. 'बेफिकीर लोकांनी नासधूस केली' असं लिहू नकोस. 'दोन पट्टे, मधलं अंतर इतकं, लांबी इतकी, तीन झुडपं मोडलेली' असं लिही.

९. तू पोलीस नाहीस

देशभरात बीएलएमची जमीन सुमारे २४.५ कोटी एकर आणि गणवेशातले रेंजर दोनशेच्या आसपास. प्रत्येक फाट्यावर माणूस उभा करणं अशक्य. तू सगळ्यात जास्त उपयोगी पडतेस ती इथे: अमुक फाट्यावर शनिवारी दुपारी गाड्या येतात, एवढं तुझ्या नोंदींतून निघालं की तो मोजका रेंजर नेमक्या वेळी तिथे पोहोचतो. मोसम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, आणि थँक्सगिव्हिंगसारख्या लांब सुट्ट्यांत गर्दी उसळते. दंड करायचा तो रेंजरने. १९७६ च्या मूळ कायद्यात १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, पण ती धमकी तुझ्या तोंडी शोभत नाही.

गाडी अडवू नकोस, पाठलाग करू नकोस, वाटेत आडवी उभी राहू नकोस. वेळ, दिशा, रंग, संख्या, दिसला तर नोंदणीचा स्टिकर, एवढं टिपून कळव.

१०. बोलायचंच तर आधी 'पुढे कुठे निघालात?' असं विचार

बहुतेकांच्या हातात जुना नकाशा किंवा फोनवरचं अॅप असतं, आणि अॅपला बंद-मोकळं कळतंच असं नाही. त्यांना आजचा नकाशा दे. 'इथे नाही' म्हणताना 'तिथे जा' सांगता आलं पाहिजे: स्टॉडर्ड व्हॅली, एल मिराज, स्पँगलर हिल्स, जॉन्सन व्हॅली इथे मोकळी मैदानं आहेत. जमीन सार्वजनिक आहे, म्हणजे त्या मोटारसायकलवाल्याचीही आहे. कित्येक चालक-क्लबांची माणसं पाट्या लावायला आणि कुंपणं दुरुस्त करायला स्वतः येतात. त्यांच्यातल्या एकाने आपल्या मित्राला सांगितलेलं आपल्या दहा पत्रकांपेक्षा जास्त लागू पडतं.

११. कासव दिसलं तर लांबून बघ

इथलं वाळवंटी कासव १९९० पासून केंद्राच्या यादीत धोक्यात आलेलं म्हणून नोंदलेलं आहे. बऱ्याच वाटा त्याच्यासाठीच बंद झाल्या. त्याचं बहुतेक आयुष्य बिळात जातं आणि बिळाचं तोंड अर्धचंद्रासारखं असतं: वर गोल, खाली सपाट. त्यावरून चाक गेलं तर आतलं कासव गाडलं जातं. उचलायचं तर मुळीच नाही. घाबरलं की ते मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि उन्हाळ्यात तेच त्याची शिदोरी असते. निघताना गाडीखाली वाकून बघ, सावलीला तिथे येऊन बसतात.

१२. परतायची वेळ घरी सांगून जा

फोन लागत नाही हे धरूनच चाल. पाणी लागेल त्याच्या दुप्पट घे, दुसरं स्पेअर चाक घे. रँड डोंगरांच्या बाजूला जुन्या खाणींची उघडी तोंडं आहेत, त्यांच्या कडेला जाऊन डोकावू नकोस. दूरवर वीज चमकताना कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी ठेवू नकोस. पाऊस तिकडे पडतो आणि लोंढा इकडे येतो. एकटी जाऊ नकोस, आणि कुणी अंगावर आलं तर नोंद राहिली तरी चालेल, तू निघून ये.

१३. वही दुसऱ्यासाठी लिही

हे काम एका माणसाच्या उमेदीत संपणारं नाही. कुणाची बदली होते, कुणाचं अनुदान संपतं, कुणाचे गुडघे बोलायला लागतात. म्हणून फोटोच्या नावात वाटेचा क्रमांक, जागेचा क्रमांक आणि तारीख घाल. लघुरूपं वापरलीस तर पहिल्या पानावर त्यांचा अर्थ लिही. एक प्रत कार्यालयात, एक आपल्याकडे. वर्षातून एकदा वही कुणा नवख्याच्या हातात दे आणि तुझ्या मदतीशिवाय एक फाटा शोधून काढायला सांग. त्याला सापडला नाही तर तो परिच्छेद पुन्हा लिही.

माझ्या वह्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. सुरुवात त्यांच्यापासून कर: एक फाटा निवड, माझा शेवटचा फोटो बरोबर घे, त्याच जागेवर उभी राहा आणि काय बदललंय ते लिहून काढ.