समुद्रफुलाची टाकी आणि हायड्रोमीटरचा आकडा

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली, की लोकांना वाटते, याचे काही चुकणार नाही. माझे चुकले, आणि चुकले ते नेमके पदार्थविज्ञानातच.

टाकी १०० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद आणि पाण्याची उंची ४० सें.मी.; म्हणजे १६० लिटर पाणी. तीत विदूषक माशांची एक जोडी आणि दगडाला चिकटलेले एक समुद्रफूल. नावात फूल असले तरी हा प्राणी आहे. प्रवाळाचा आणि जेलीफिशचा नातलग. पिशवीसारखे अंग, वर एकच तोंड, त्याभोवती बोटांसारखे संस्पर्शक आणि खाली दगड धरून ठेवणारा पसरट पाय. अंगात हाड म्हणून नाही. आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्याच्या दाबावरच तो ताठ उभा राहतो.

एका मे महिन्यात मी प्रयोगशाळेतला हायड्रोमीटर या टाकीत सोडला. वाचन आले १.०२२. समुद्राच्या पाण्याला १.०२६ यायला हवे, हे मला पाठ होते. पाणी फिके झाले, असे मी ठरवले आणि हिशेब मांडला. लिटरला सुमारे ५ ग्रॅम क्षार कमी, म्हणजे एकूण ८०० ग्रॅम. तेवढे तयार समुद्री मीठ पाण्यात विरघळवून मी एका संध्याकाळी टाकीत ओतले. वाचन वर सरकले आणि मी समाधानाने झोपलो.

सकाळी समुद्रफुलाचा मुठीएवढा गोळा झाला होता. आता, समुद्रफूल अधूनमधून आकसतेच. आतले जुने पाणी बाहेर टाकून नवे घेते. तेवढ्याने घाबरायचे कारण नसते. पण हे दोन दिवस तसेच राहिले. तोंड आ वासलेले, संस्पर्शक लुळे, आणि पायाची एक कड दगडापासून सुटलेली. ही लक्षणे एकत्र दिसली, की प्राणी संकटात आहे असे समजावे.

मग मी हायड्रोमीटर भिंगाखाली धरला. दांड्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते : १५° से. माझ्या टाकीतले पाणी होते ३०° से.

हायड्रोमीटर क्षार मोजत नाही. तो मोजतो घनता. पाणी तापले की प्रसरण पावते, त्याची घनता घटते आणि हायड्रोमीटर जरा अधिक बुडतो. क्षार मात्र होते तेवढेच असतात. १ किलोग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणी १५ अंशांना जवळजवळ १.०२६ दाखवते, तर ३० अंशांना १.०२२! म्हणजे माझे पाणी मुळात उत्तम होते. मीच त्याची क्षारता ३५ वरून ४० वर नेली होती. अकरावीच्या मुलाला या चुकीबद्दल मी नक्कीच गुण कापले असते.

पाच ग्रॅमने एवढे काय बिघडते, असे कुणी विचारील. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २५ वातावरणे इतका असतो. क्षारता ५ ने वाढली, की त्यात साधारण साडेतीन वातावरणांची भर पडते. सुमारे ३५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब! हा दाब प्राण्याला चिरडत नाही. तो पेशींमधले पाणी बाहेर खेचतो. माशाला मूत्रपिंडे आणि कल्ले यांच्या साहाय्याने अंगातले क्षार सांभाळता येतात. समुद्रफुलाकडे अशी यंत्रणा नाही. बाहेरचे पाणी जसे, तसे आतले. त्याच्या पेशी अमिनो आम्लांसारखे पदार्थ कमी-जास्त करून जुळवून घेतात, पण त्याला वेळ लागतो. कोकणच्या खडकांवरची समुद्रफुले पावसाची सर आली की मिटून घेतात आणि भरतीपर्यंत तग धरतात. विदूषक मासे ज्यांच्यात राहतात ती समुद्रफुले प्रवाळखडकांवरची, स्थिर क्षारतेची सवय असलेली.

चूक कळल्यावर पहिला विचार आला तो वीस लिटर पाणी काढून तेवढेच गोडे पाणी ओतण्याचा. गणित बरोबर होते : ४० च्या पाण्याचा आठवा हिस्सा बदलला की ३५ येते. पण दोन दिवसांत पेशींनी खाऱ्या पाण्याशी थोडेफार जुळवून घेतलेले असणार. एकदम गोडे पाणी ओतले तर त्या फुगल्या असत्या. म्हणून रोज ४ लिटर पाणी काढायचे आणि ४ लिटर गोडे पाणी थेंबाथेंबाने सोडायचे, असे ठरवले. दिवसाला क्षारता साधारण १ ने उतरते. पाच दिवसांनी ती ३५ च्या जवळ आली. आठव्या दिवशी संस्पर्शक बाहेर आले. रंग परतायला मात्र बरेच आठवडे लागले.

गोडे पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित किंवा आर.ओ.चे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन, आणि कधी कधी तांबे, या प्राण्यांना घातक असते. स्वयंपाकाचे मीठही टाकीत चालत नाही. त्यात समुद्राचे मॅग्नेशियम नि कॅल्शियम पुरेसे नसते.

उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरते तेव्हाही हेच ध्यानात धरावे. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात. माझ्या टाकीत पातळी ४ सें.मी. उतरली, तर १६ लिटर पाणी गेले आणि क्षारता ३५ ची जवळजवळ ३९ झाली. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर ५६० ग्रॅम जादा क्षार कायमचे टाकीत बसतात. म्हणून मी काचेवर रंगाने एक रेघ ओढली आहे आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडे पाणी भरतो.

टाकीत हात घालण्यापूर्वी पंपाचा प्लग काढावा. खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. हातात रबरी मोजे घालावेत, कारण संस्पर्शकांवर दंशपेशी असतात. सुटलेले समुद्रफूल पंपाच्या तोंडात ओढले जाऊन चिंधड्या होतात, तेव्हा त्या तोंडावर स्पंज बसवावा. ते मेलेच, तर दुर्गंधी येते आणि अंग विरघळू लागते. ते लगेच बाहेर काढावे, नाहीतर अमोनियाने मासेही जातात.

शाळेत हायड्रोमीटर असेल तर एक प्रयोग करा. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. थोडे द्रावण बर्फात ठेवून १५ अंशांपर्यंत थंड करा, थोडे उन्हात ३५ अंशांपर्यंत तापू द्या. उन्हातले भांडे झाकायला विसरू नका. हायड्रोमीटरला चिकटलेले बुडबुडे झटकून दोन्हींची वाचने घ्या आणि शेजारी तापमान लिहा. आकडा किती सरकला ते आलेखावर मांडा. नंतर उन्हातल्या भांड्याचे झाकण काढून ते दोन दिवस तसेच ठेवा, पुन्हा १५ अंशांवर आणा आणि तिसरे वाचन घ्या.