मृदंगाचा नाद

एकादशीच्या भजनात मृदंग बद्द वाजू लागला की ध्वनिक्षेपक वाढविण्याची सूचना होते. आता विद्यानगरच्या आपल्या मंदिरासाठी मोठा ध्वनिक्षेपक घ्यावा, म्हणून वर्गणीचीही बोलणी चालू आहेत. तत्पूर्वी या वाद्याचा नाद कशाने निर्माण होतो, हे सभासद कुटुंबांनी ध्यानी घ्यावे, अशी आमची विनंती आहे. वाईजवळील बावधनचे नाना पानसे गेल्या शतकापूर्वीच्या काळात इंदुरास पखवाजवादक म्हणून कीर्तीस चढले, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हताच.

खैर, शिसव अशा जड लाकडाचे खोड कोरून मृदंग करतात. त्याच्या उजव्या पुडीवरील शाई शोभेसाठी नसते. नुसत्या ताणलेल्या कातड्यातून उठणारे स्वर परस्परांशी जुळत नाहीत. त्यातून आवाज निघतो, सूर निघत नाही. मध्ये जाड व कडेस पातळ अशा शाईच्या थरांमुळे ते स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली व पुन्हा १९३४ साली याविषयी लेख प्रसिद्ध केले. तेव्हा शाईचे टवके उडालेली पुडी कितीही ठोकली तरी सुरात यावयाची नाही. ती बदललीच पाहिजे.

डाव्या तोंडास कणीक लागते. ती मऊ मळावी, भजनाच्या आधी ताजी लावावी आणि थोडी थोडी वाढवीत डावा स्वर उजव्याच्या खालच्या षड्जाशी मिळवावा. भजन संपताच ती खरवडून काढावी. वाळलेल्या कणकेने कातडे ताठरते, शिवाय उंदरांची सोय होते ती निराळीच!

पावसाळ्यात कातडे ओल धरून सैल पडते. आपल्या हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात ते ताणले जाऊन स्वर चढतो. म्हणून पेटीच्या षड्जाशी प्रत्येक वेळी नव्याने मिळवणी करावी लागते. मोठा फरक गठ्ठे सरकवून व बारीक फरक गजऱ्यावर हातोडीने हलके ठोकून काढावा. ठोके समोरासमोर द्यावेत, एकाच बाजूस नव्हेत. मृदंग उन्हात किंवा समईशेजारी ठेवू नये.

राहिला हात. खुल्या बोलास डावा तळवा पडताच उचलला पाहिजे. तो दाबून ठेवल्यास घुमारा तेथेच विरतो, आणि ध्वनिक्षेपक तो विरलेला आवाजच मोठा करून ऐकवितो.

म्हणून आषाढीपूर्वी दोन्ही तोंडांच्या उत्तम पुड्या घ्याव्यात व जाणत्या कारागिराकडून त्या चढवून घ्याव्यात. उरलेल्या रकमेत जुन्या ध्वनिक्षेपकाची दुरुस्ती करता येईल.